इंजिन फिरेपर्यंतचं माहेर

मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या पूर्वी दौंडला तोंड फिरवायच्या. गाडी स्टेशनात यायची, पुढचं इंजिन सुटायचं, ते दुसऱ्या रुळावरून जाऊन गाडीच्या मागच्या टोकाला लागायचं आणि गाडी जिकडून आली त्याच बाजूनं परत बाहेर पडायची. नवखे प्रवासी हमखास घाबरायचे. "अहो, गाडी परत चालली!" म्हणून कोणीतरी वरच्या बर्थवरच्या बॅगा काढायला लागायचं. मग खिडकीशी बसलेली मी मोठ्या रुबाबात सांगायची, "बसा निवांत. हे दौंड आहे. इथं असंच असतं."

या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागत. बाकीच्यांना ती जांभया देण्याची वेळ. माझं मात्र तेवढंच माहेर होतं.

मी दौंडची. वडील लोको शेडमध्ये, इंजिनांच्या दुरुस्तीला, खलाशी होते. माझा थोरला भाऊ, दादा, पुढं पॉइंट्समन झाला. म्हणजे इंजिन आणि बोगी यांच्या मधे उतरून कपलिंग सोडायचं आणि जोडायचं, हे त्याचं काम. लग्न होऊन मी पुण्याच्या घरात गेले आणि ह्यांना भुसावळच्या शाळेत नोकरी लागली. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत भुसावळ ते पुणे ही आमची फेरी ठरलेली. आई-वडील लवकर गेले. उरला दादा, आणि तो मला भेटायचा फलाटावर.

त्याची ड्यूटी असली की माझ्याच गाडीचं इंजिन माझाच भाऊ सोडवायचा. मग फलाटावरच्या नळाला कोपरापर्यंत हात धुवायचा, बाकावर ठेवलेला डबा उचलायचा आणि माझ्या खिडकीशी यायचा. डब्यात वहिनीच्या हातची हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि खर्डा. एकसारखे दोन डबे होते, वडिलांच्या वेळचे, झाकणावर त्यांचं नाव ठोकलेलं. एक कायम त्याच्याकडे, एक माझ्याकडे. आमच्याकडं डबा कधी रिकामा परत करायचा नाही, म्हणून मी माझ्याकडचा वांग्याचं भरीत नाहीतर केळ्याचे वेफर्स भरून द्यायची. डबे बदलत आम्ही कुणाचं बाळंतपण झालं, कोण वारलं, वहिनीचं पित्त कसं आहे ते सगळं बोलून घ्यायचो. इंजिन लागल्याचा धक्का बसला की दादा म्हणायचा, "उतर की एकदा." आणि मी म्हणायची, "पुढच्या वेळी नक्की उतरते."

किती वर्षं मी हे म्हटलं असेल? माझी मुलगी प्रज्ञा शाळेत गेली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, तोवर म्हणत होते.

मग दौंडच्या बाहेरून दोन्ही मार्ग थेट जोडणारी कॉर्ड लाईन झाली. आता गाड्यांना तोंड फिरवावं लागत नाही. आमची गाडी जंक्शनला जातच नाही. गावाबाहेर कॉर्ड लाईनचं छोटं स्टेशन आहे, तिथं दोन मिनिटं थांबते आणि पुढं निघते. सगळ्या प्रवाशांचा अर्धा तास वाचला. माझं माहेर तेवढं गेलं.

पहिल्या वेळी मी दादाला आदल्या दिवशी फोन केला होता. "उद्या कॉर्ड लाईनवर ये, दोन मिनिटं गाडी थांबते." तो म्हणाला, "बघतो." सकाळी भरीत भरलेला डबा घेऊन मी दारात उभी राहिले. दादा आला नाही. गाडी सुटली तशी मी डबा घेऊन जागेवर येऊन बसले. मी मनात धरून ठेवणारी बाई आहे, हे कबूल करते. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्यानंतर बुद्धपौर्णिमेला आणि जयंतीला जयभीम म्हणण्यापुरते फोन राहिले. अशी सहा वर्षं गेली.

हडपसर

या हिवाळ्यात आम्ही दोघं हडपसरला प्रज्ञाकडे राहायला गेलो होतो. तिची मुलगी रेवा पहिलीत आहे. शाळेत बाईंनी 'आजीचं गाव' असं चित्र काढायला सांगितलं होतं. रेवानं एक खिडकी काढली. खिडकीत नळ, चहावाला आणि हातात डबा घेतलेला मिशीवाला माणूस.

"हे काय गं?" मी विचारलं.

"दौंड. आईनं सांगितलं तसं काढलं."

प्रज्ञा भाजी चिरत होती, तिनं मान वर केली नाही. "मी काय सांगणार आई? तू उठता-बसता दौंड दौंड करतेस, पण मी तुझं दौंड खिडकीतूनच पाहिलंय. नळ, चहावाला आणि मामा. संपलं दौंड."

सिद्धार्थच्या, म्हणजे दादाच्या मुलाच्या लग्नाला तरी गेलो असतो, तर ते नेमकं कोरोनात झालं, मोबाईलवर पाहिलं. आता तो कारेगावला कंपनीत आहे, तिथंच राहतो. पोरीचं खरंच होतं. तिला मी आजोळ दाखवलं होतं ते फलाटापुरतं.

बुधवारी मी वहिनीला फोन लावला. म्हटलं, रविवारी सकाळच्या लोकलनं येतो चौघं. ती म्हणाली, "या की ताई, घर तुमचंच हाय." दादाला दे, असं मी म्हटलं नाही आणि तिनंही दिला नाही.

शनिवारी संध्याकाळी भुसावळहून आणलेली वांगी भाजली आणि माझ्याकडं अडकून पडलेला तो डबा बॅगेतून काढला. ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा तू पुण्याला घेऊन येतेस?"

"दर वेळी आणते," मी म्हटलं. एवढंच बोलले, पण ह्यांना कळलं असावं, कारण एरवी भरीत म्हटलं की तेलावर भाषण देणारा माणूस गप्प बसला.

दौंड जंक्शन

लोकलचा प्रवास सांगण्यासारखा नाही. मांजरीपासून पाटसपर्यंत उसाची शेतं आणि प्लॉटिंगच्या पाट्या आलटून पालटून दिसतात, एवढं लिहून ठेवते. नऊच्या सुमाराला दौंड आलं. रविवारची गर्दी, लोक भराभरा उतरून पुलाकडे पळत होते. मी मात्र फलाटावर उभी राहिले. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. जिना होता, चहाचा स्टॉल होता, नळही होता. दादा नव्हता.

सहा वर्षांनी बहीण येते, नातीला घेऊन येते, आणि ह्याला घरातून स्टेशनपर्यंत येववत नाही!

"आई, थोडं थांबूया का?" प्रज्ञानं विचारलं.

"कशाला थांबायचं? मी इथली आहे. मला न्यायला कुणी यायची गरज नाही," असं म्हणून मी ताडताड पूल चढले. रागात माझे गुडघे दुखत नाहीत, हा माझा जुना अनुभव आहे.

रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायाचं, मावशी?" घरी जायचं सोडून मी म्हटलं, "लोको कॉलनी." आधी माझं दौंड दाखवते, मग भावाचं बघू, असा माझा हिशेब होता.

मी रिक्षात रेवाला सांगत सुटले. आम्ही घड्याळ न पाहता भोंग्यावर शाळेत जायचो. एसआरपीच्या कॅम्पातलं बिगुल वाजलं की वडील उठायचे. नाताळात पलीकडच्या लाईनीतल्या अँग्लो-इंडियन आंटी केकचा तुकडा द्यायच्या आणि भीमजयंतीला आमची आई त्यांच्याकडं खीर पाठवायची. तिथंही वाटी रिकामी परत येत नसे, त्यात दोन बिस्किटं तरी असायची. भुसावळला मी तशी वाटी शेजारी पाठवली, तर पहिल्या वर्षी ती धुऊन-पुसून, लखलखीत, रिकामी परत आली. मला वाटलं, काही चुकलं की काय! पुढं कळलं की तिकडं शेव-भाजी करतील तेव्हा आठवणीनं बोलावतात, वाटीत फेडत बसत नाहीत. दोन्ही पद्धती चांगल्या, पण लहानपणी अंगात भिनते ती जात नाही.

कॉलनीत शिरल्यावर माझी पंचाईत झाली. अर्ध्या क्वार्टरांची दारं विटांनी बुजवलेली, अंगणात वेडी बाभूळ, भिंतीवरचे नंबर पुसलेले. पण माघार घेईन तर मी कसली! एका क्वार्टरसमोर थांबून मी रेवाला म्हटलं, "ही आमची ओसरी. आणि तिथं पाण्याचा हौद होता. मी त्यात पडले होते, तेव्हा दादानं माझी वेणी धरून मला वर काढलं."

तिथं कपडे वाळत घालणारी बाई हातातलं पातळ तसंच धरून ऐकत होती. "मावशी," ती म्हणाली, "ह्या लायनीत हौद नव्हताच कवा. हौद मागल्या लायनीत हाय."

हे मोठ्यानं हसले. रेवा हसली. रिक्षावालाही हसला, त्याचा मला जास्त राग आला. त्या बाईनं आम्हाला पाणी दिलं आणि स्वतः मागच्या लाईनीत घेऊन गेली. तिथं क्वार्टर नव्हतेच, पाडून टाकलेले. कडुलिंबाखाली एकटा हौद राहिला होता. त्यात कुणीतरी माती भरून पुदिना लावला होता. असा दाट, हिरवागार की रेवा धावत जाऊन त्यात तोंड खुपसून उभी राहिली.

"म्याच लावलाय," ती बाई म्हणाली. "न्या की थोडा. हौद कुणाचा म्हनायचा मग? तुमचाच."

मी मूठभर पुदिना खुडला आणि पदरात बांधला. आता फार वेळ रागावून राहणं जमेना.

गोपाळवाडीचा रस्ता

रिटायर झाल्यावर दादानं गोपाळवाडीच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर बांधलंय. मी ते कधी पाहिलं नव्हतं. गेटचे दोन खांब. एक लाल रंगवलेला, एक हिरवा. रेल्वेतल्या माणसाचं घर आहे हे कुणी सांगायला नको.

वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, रेवाचे मुके घेतले, मग आमच्या मागं गेटकडं पाहिलं. आणखी थोडं वाकून पाहिलं.

"आन् ह्ये कुठं हायेत?"

"कोण?"

"तुमचे दादा, ताई! सात वाजल्यापास्नं टेशनावर गेल्यात न्हवं, डबा घिऊन!"

मी खुर्चीत बसता बसता उठले. "डबा? आम्ही घरी येणार होतो ना वहिनी, मग डबा कशाला?"

"म्या बी त्येच म्हनलं. म्हनलं, घरीच येत्याती, हितंच गरम वाढू. तर म्हनत्यात, न्हाई, शैलीला टेशनावर उतरल्या उतरल्या भूक लागती. पाचला उठून शेंगोळी कराया लावली मला."

प्रज्ञानं मामाचा नंबर लावला. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर, फोन वाजायला लागला. वहिनीनं कपाळावर हात मारला.

आता साडेदहा वाजून गेले होते. हा माणूस सातपासून स्टेशनवर! मी चप्पल घालायला लागले, तर ह्यांनी हात धरला. "सगळेच जाऊ." रिक्षात वहिनी म्हणाली, "गुडघा लई दुखतोय त्यांचा आताशा. सिद्धार्थ म्हनतो, कारेगावला या ऱ्हायाला. तर हटून बसल्यात. म्हनत्यात, शैली कवा उतरली तर दौंडात कोन तरी पायजेल का न्हाई?"

मी रस्त्याकडं तोंड केलं. डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते मला वहिनीला दाखवायचं नव्हतं.

पुन्हा जंक्शन

स्टेशनवर पोचल्यावर मी धावत फलाटाकडं निघाले आणि ह्यांनी मागून हाक मारली, "प्लॅटफॉर्म तिकीट!" तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. घरावर दरोडा पडला तरी आधी पावती मागेल. रांगेत उभे राहून पाच तिकिटं घेतली, तोवर मी मनातल्या मनात ह्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

स्टेशनात दादाला सगळे आप्पा म्हणतात. चहाच्या स्टॉलवर विचारलं, "पॉइंट्समन आप्पा दिसले का?"

"शेवटच्या बाकड्यावं हायेत की. सकाळपास्नं दोनदा चा नेऊन दिला. कुनाची तरी वाट बघत्यात." त्यानं हात केला तो सोलापूरच्या टोकाकडं. आम्ही उतरलो होतो पुण्याच्या टोकाला, जिन्याजवळ. मधे सगळा फलाट.

मी एकटीच पुढं गेले. शेवटच्या बाकावर दादा बसला होता. मिशी पांढरी झालेली, एक पाय सरळ पसरलेला, मांडीवर डबा. मला पाहून तो उठायला गेला आणि परत बसला.

"दादा, अरे इथं काय करतोस? आम्ही तिकडं उतरलो!"

"दिसलं मला," तो म्हणाला. "लांबनं दिसली तू. लोकल हितपातूर येतच न्हाई, बारकी गाडी असती ती. त्ये ध्यानातच न्हाई आलं. तुजी बोगी ह्याच टोकाला यायची न्हवं? म्हनून हितं बसलो. उठून चालाया लागलो तवर तुमी पूल चढला बी. हाक मारली, पर अनाऊन्समेंट चालू हुती."

"मग घरी यायचं ना!"

तो डब्याचं झाकण अंगठ्यानं पुसत राहिला. "लाज वाटली. दुसऱ्यांदा झालं ना."

"दुसऱ्यांदा?"

"कॉर्ड लायनीवर आलतो मी. तवा. तुला म्हनलो हुतो, बघतो. आलतो."

फलाटावर एक मालगाडी घुसली आणि डब्यांमागून डबे जात राहिले. ती संपेपर्यंत मी त्याच्या शेजारी बसले होते.

मग त्यानं सांगितलं ते असं. जंक्शनवर माझी बोगी नेहमी सोलापूरच्या टोकाला यायची. एवढी वर्षं तो त्याच टोकाला उभा राहायचा. कॉर्ड लाईनवरही तो सवयीनं सोलापूरच्याच टोकाला जाऊन उभा राहिला. पण जंक्शनात गाडी सोलापूरकडं तोंड करून थांबायची, इथं ती तोंड न फिरवता सरळ पुण्याकडंच तोंड करून थांबते. त्यामुळं तीच बोगी येते पुण्याच्या टोकाला. गाडी आली, त्याच्यासमोर भलत्याच बोग्या थांबल्या, आणि त्याला चूक कळली. पळायला गेला तर गुडघा उचलेना. वीस-बावीस बोग्या आणि दोन मिनिटं.

"दारात हुभी हुती तू," दादा म्हणाला. "हिरवी साडी. डबा हातात. म्या हात केला, पर तू दुसरीकडं बघत हुती. गाडी गेली. मी तितंच बसून डबा खाल्ला आन् हिला सांगितलं, दिला म्हनून."

"अरे, मग मला सांगायचं नाही का? मी सहा वर्षं तुझ्यावर रागावून बसले!"

"काय सांगू, शैले? अडतीस वर्सं बोग्या जोडल्या म्या. कुठलं इंजान कुनीकडं लागतं ह्ये झोपंत सांगतो. आन् बहिनीची बोगी कुठं यील त्ये मला कळलं न्हाई. कुनाला सांगू असली गोष्ट?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हीतलं आधी काय येऊ द्यावं ते कळेना. शेवटी मी त्याच्या दंडावर एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी. रेल्वेच्या माणसांचा हा जगावेगळा अभिमान! घरात मीठ विसरलं तर खपवून घेतील, पण बोगीची जागा चुकली तर सहा वर्षं तोंड लपवतील. आणि मी? मी त्याच वडिलांची मुलगी. एक फोन करून "का आला नाहीस" एवढं विचारायला मला कमीपणा वाटला. त्याची चूक दोन मिनिटांची होती, माझी सहा वर्षांची.

मी पिशवीतून माझा डबा काढला आणि बाकावर त्याच्या डब्याशेजारी ठेवला. इतक्या वर्षांत ते दोन डबे एका जागी बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"भरीत?" दादानं विचारलं.

"भरीत."

तोवर बाकीचे येऊन पोचले. वहिनीनं नवऱ्याला यथासांग झापलं, फोन घरी ठेवल्याबद्दल एकदा आणि चहावर दिवस काढल्याबद्दल एकदा. दादानं ह्यांना जयभीम केला, "बसा पाव्हनं," म्हणून बाक रिकामा केला आणि रेवाला म्हणाला, "तू व्हय ती? तुजी आई एवढीच हुती, खिडकीतनं हात काढायची."

रेवा त्याच्याकडं निरखून पाहत होती. "आई," ती म्हणाली, "ह्यांची मिशी मी काळी काढलीय. बदलावी लागेल."

आम्ही घरी जाऊन जेवायला हवं होतं. पण कुणीच उठेना. मग वहिनीनंच पदर खोचला आणि बाकावर डबे उघडले. गार झालेली शेंगोळी, भाकरी, खर्डा, भरीत, आणि वर माझ्या पदरातला पुदिना चुरडून. प्लॅटफॉर्म तिकिटाची वेळ संपत आलीये, असं ह्यांनी दोनदा सांगितलं आणि तिसऱ्या वेळी स्वतःच भाकरीचा दुसरा चतकोर घेतला. शेंगोळी गारच चांगली लागते, असं माझं मत आहे. मी ती गरम कधी खाल्लीच नव्हती.

दुपारी घरी गेल्यावर वहिनीनं ती गरम करून वाढली. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मला काय हुकलं होतं.

भीमेचा घाट

उन्हं कलल्यावर दादानं आम्हाला नदीवर नेलं. भीमेला पाणी बेताचं होतं, पलीकडच्या काठावर मेंढरं उतरली होती. प्रज्ञा मामाला एकेक विचारत होती. आई लहानपणी कशी होती, मारकी होती का, अभ्यास करायची का. दादा सगळं माझ्या विरुद्ध सांगत होता. मी अजिबात अडवलं नाही. माझ्या मुलीला माझ्या लहानपणाबद्दल सांगणारा जगात हा एकच माणूस उरलाय, हे मला तिथं घाटाच्या पायरीवर बसल्यावर लख्ख कळलं. किती थोडक्यात वाचलो आम्ही!

संध्याकाळच्या लोकलला तो पोचवायला आला. या वेळी लोकल कुठं थांबते ते त्यानं स्टॉलवाल्याला विचारून घेतलं. गाडी हलायच्या आधी सवयीनं माझ्या तोंडात शब्द आले, "पुढच्या वेळी नक्की..." आणि मी जीभ चावली. दादानंही "उतर की" म्हटलं नाही. तो म्हणाला, "गुरुवारी तुमी भुसावळला निगनार. कॉर्ड लायनीवर मी मदी हुबा ऱ्हातो. बरोबर मदी. म्हंजी बोगी कुठल्याबी टोकाला येऊ दे, निम्मंच चालावं लागंल."

कॉर्ड लाईन

गुरुवारी पुणं सोडेपर्यंत मी बेत मनातच ठेवला होता. उरुळी गेल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "किती दिवस?"

"बघते. दूधवाल्याला अर्धाच लिटर सांगा. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी."

"तुझं तिकीट भुसावळपर्यंतचं आहे," हे म्हणाले. मग स्वतःच हसले आणि माझी छोटी बॅग रॅकवरून काढून दाराशी नेऊन ठेवली.

कॉर्ड लाईनचं स्टेशन उघड्या माळावर आहे. गाडी मंद झाली तसा मला दादा दिसला. फलाटाच्या बरोबर मध्यावर, हातात डबा, एकदा या टोकाला पाहतोय, एकदा त्या टोकाला. आमची बोगी त्याच्यापासून तीन बोग्या पुढं गेली. तो चालायला लागला, लंगडत, पण झपाझप. मी तोवर गर्दीतून खाली उतरले होते. तो माझ्या अंगावरून पुढं गेला, मला न पाहता, थेट दाराशी, आणि ह्यांच्या हातात डबा कोंबला.

"धरा पाव्हनं, धरा लवकर, दोनच मिनटं हायेत. शैली कुठं हाय?"

ह्यांनी डबा छातीशी धरला आणि हनुवटीनं त्याच्या मागं खूण केली. दादा वळला. मी बॅग घेऊन उभी.

शिट्टी झाली. गाडी हलली.

"अगं, गाडी सुटली! चढ की! चढ, म्या धरतो बॅग!"

"सुटू दे, दादा," मी म्हटलं. "ह्या वेळी उतरलेय."